तेर सक अठ्ठ्याहत्तर

मी पर्चेसमधला माणूस. अबुधाबीतल्या एका तेल कंपनीत गेली अकरा वर्षं मी तीन कोटेशनं शेजारी शेजारी मांडतो आणि त्यातलं एक निवडतो. पंप असो, पाइप असो की ऑफिसातलं कॉफीचं मशीन, माझ्या एक्सेलच्या तक्त्यातून सुटून कुणी गेलेलं नाही. माझी बायको स्मिता मला उंटावरचा शहाणा म्हणते, पण तिला नवा फ्रीज घ्यायचा झाला तेव्हा तक्ता मीच केला होता. त्यामुळे शेजारचे हमदुल्लाभाई सारंग एका शनिवारी सकाळी हातात तीन कागद घेऊन आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

"उपेंद्रभाऊ, जरा डोकं पायजे तुमचं," ते म्हणाले. "क्लबमध्ये मशीन घ्यायचंय. तिघांची कोटेशन आली. राहुल सर बोलले, कंपॅरिझन तुम्हीच करून आणा, काम तुमचं आहे तर मशीनपण तुम्हीच चूज करा."

माझी नोकरी अबुधाबीत असली तरी घर शारजाच्या अल नहदात, आणि आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. नऊ वर्षांचा शेजार होता. हमदुल्लाभाई मूळचे दाभोळचे. वय एकोणसाठ, अंगानं काटक, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची सवय. एका नेमबाजी क्लबाचं वर्कशॉप दुबईच्या अल क्वोजमध्ये आहे, तिथे ते सव्वीस वर्षं काम करत होते. "बंदुकीच्या क्लबात आहे" असं ते सांगायचे तेव्हा नवीन माणसं जरा मागे सरकायची. मग सुरैय्याभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसून सांगायच्या, की यांनी आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही, दिवाळीत तुमचे लवंगी फटाके वाजले तरी कानावर हात ठेवतात.

त्यांचं काम असं. गोळी सुटली की मागे काडतुसाची रिकामी पुंगळी उरते, पितळेची. ती फेकून द्यायची नसते, पुन्हा भरता येते. इकडे घरी असलं काही करायचं नाव काढायची सोय नाही, पण क्लबाकडे रीतसर परवाना होता, कुलुपाची खोली होती, कॅमेरे होते. तर पुंगळी दरवेळी वापरली की तिचं तोंड कडक होत जातं. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना, तसंच. चार-पाच वेळांनंतर तोंडाला चीर पडते. म्हणून मध्ये एकदा तोंड ज्योतीवर धरून तापवायचं, की पितळ पुन्हा नरम होतं. फक्त तोंड तापायला हवं. बूड कडकच राहायला हवं, कारण बार उडतो तेव्हा सगळा दाब बुडावर येतो.

ड्रिलच्या टोकाला एक वाटी बसवलेली, वाटीत पुंगळी उभी, ड्रिल हळू फिरतंय आणि समोर गॅसची ज्योत. जास्त वेळ धरली तर ताप खाली उतरतो, कमी धरली तर काहीच होत नाही. सगळं कसब वेळेचं होतं. आणि हमदुल्लाभाईंकडे वेळ मोजायचं घड्याळ नव्हतं, पाढा होता.

हे मला नऊ वर्षं माहीत होतं आणि मी ते पार्ट्यांमध्ये रंगवून सांगायचो. नवीन लागले तेव्हा तिथल्या फिलिपिनो फोरमननं त्यांना 'वन थाउजंड वन, वन थाउजंड टू' असं मोजायला शिकवलं. हमदुल्लाभाईंचं तेव्हाचं इंग्रजी गुड मॉर्निंगपुढे जात नव्हतं. मोजता मोजता अडखळायचे आणि पुंगळी लाल व्हायची. मग त्यांना आठवला दाभोळच्या मराठी शाळेतला तेराचा पाढा. बाकी पाढे सगळ्यांसारखे आले, तेराचा मात्र गुरुजींनी छडी मारून मारून पक्का करून घेतलेला. त्यांनी तो पुटपुटून बघितला. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, आणि 'तेर सक अठ्ठ्याहत्तर' म्हटलं की पुंगळी बाहेर. फोरमननं स्टॉपवॉच लावलं तर बरोबर सहा सेकंद. दहा वेळा लावलं, दहाही वेळा सहा. त्यानंतर सव्वीस वर्षं कुणी घड्याळ लावलं नाही.

"तुम्हाला चूज करायला लावलंय म्हणजे मान दिलाय," मी म्हणालो आणि लॅपटॉप उघडला.

तीन मशीनं होती. पहिलं साधं: फिरती चकती, गॅसची ज्योत, वेळ ठरवायला एक बटण. दोन हजार शंभर दिरहम, म्हणजे साधारण पन्नास हजार रुपये. दुसरं विजेच्या वेटोळ्यावर तापवणारं, पण त्याच्या विक्रेत्याला मी तिथल्या तिथे फोन करून सर्व्हिसचं विचारलं तर तो म्हणाला, "इन्शाल्ला, सर." पर्चेसमध्ये या उत्तराचा अर्थ आम्हाला पाठ असतो, मी त्याला यादीतून काढलं. तिसरं साडेसात हजारांचं, एक लाख ऐंशी हजार रुपये. तेही विजेचं, पण वेळ आपण सांगायची नाही. नवीन मालातली एक पुंगळी त्याच्यात घालायची, ते तिला जाळून तिचं मोजमाप घेतं आणि बाकीच्यांची वेळ स्वतःच ठरवतं. माणसानं फक्त पुंगळ्या आत-बाहेर करायच्या.

"हे तिसरं भारी आहे," हमदुल्लाभाई म्हणाले.

"भारी आहे म्हणूनच घ्यायचं नाही," मी म्हणालो. आणि मग माझी सगळी हुशारी बाहेर काढली. जानेवारीत त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. साठीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ द्यायची की नाही, हे क्लब डिसेंबरात ठरवणार होता. मुलगी यम्ना इथेच इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तिची अजून दोन वर्षं बाकी. हमदुल्लाभाईंना ती दोन वर्षं हवी होती, आणखी काही नको होतं. "पहिलं मशीन घ्या. त्याला वेळ लावून द्यायला जाणकार लागतो. ज्योत कमी-जास्त झाली तर ओळखायला जाणकार लागतो. तिसरं कोणीही चालवेल. मग तुम्हाला ठेवतील कशाला?"

त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. "डोकं आहे तुम्हाला," म्हणाले.

मी खूश होऊन फॉर्म भरायला घेतला. क्लबाच्या फॉर्मात एक रकाना होता, सध्याच्या पद्धतीत एका नगाला किती सेकंद लागतात.

"तेर सक अठ्ठ्याहत्तर," ते हसून म्हणाले.

"सेकंद सांगा."

"सहा. लिहा सहा."

इथे मी लिहून मोकळा झालो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण माझ्या अंगात पर्चेस भिनलेलं. ऐकीव आकडा मी फॉर्मात घालत नाही. तेवढ्यात सुरैय्याभाभी आणि यम्ना ताटलीत सांदणं घेऊन आल्या. मी यम्नाला म्हटलं, फोनवर स्टॉपवॉच लाव.

हमदुल्लाभाईंनी माझं बॉलपेन पुंगळीसारखं उभं धरलं, डोळे त्याच्या टोकावर लावले आणि ओठ हलवत पाढा म्हटला. अठ्ठ्याहत्तरला पेन बाजूला घेतलं.

"सेव्हन पॉइंट नाइन," यम्ना म्हणाली.

"बटन लेट दाबलंस."

पुन्हा झालं. आठ पूर्णांक एक. तिसऱ्यांदा पुन्हा सात पूर्णांक नऊ.

"अब्बा, यू आर गेटिंग स्लो," यम्ना म्हणाली आणि मी हसलो. खरंच खो खो हसलो, हे मला आता आठवलं की लाज वाटते.

"स्लो कसले," सुरैय्याभाभी म्हणाल्या. "कवळी बसवल्यापासून असंच चाललंय. अठ्ठ्याहत्तर म्हणताना आधी जीभ सांभाळतात, मग दात सांभाळतात, मग शब्द. फोनवर 'अस्सलाम आलेकुम' म्हणेपर्यंत समोरचा फोन ठेवून देतो."

हमदुल्लाभाई उठून आमच्या बेसिनपाशी गेले. परत आले तेव्हा गाल आत गेलेले, हातात रुमालात गुंडाळलेली कवळी. खुर्चीत बसले, पेन धरलं आणि यम्नाला मान हलवून खूण केली. बोळक्या तोंडानं पाढा भराभर गेला.

"सिक्स पॉइंट झिरो," यम्ना म्हणाली.

परत एकदा म्हटला. सहा पूर्णांक एक.

"सुरैय्या, कवळी कधी बसवली?"

"ईदच्या आधी नाही का आठ दिवस? ईदचं मटण चावता यायला पायजे म्हणून घाई केलीत." मग त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांनी हातातली ताटली टेबलावर ठेवली.

आता ऑक्टोबर चालू होता. म्हणजे सहा महिन्यांवर सगळ्या पुंगळ्या दोन-दोन सेकंद जास्त तापल्या होत्या. हमदुल्लाभाई रोज, ज्योत नीट दिसावी म्हणून अंधारलेल्या खोलीत बसून, मन लावून, सव्वीस वर्षांच्या सवयीनं चूक करत होते, आणि ती चूक त्यांच्या तोंडात बसलेली होती.

मी विचारलं, "दोन सेकंदांनी एवढं काय होतं?"

"बहुतेक काही नाही होत," ते म्हणाले. कवळी हातातच असल्यामुळे शब्द भराभर येत होते. "पण ताप बुडापर्यंत उतरला असेल तर बूड नरम. नरम बूड फाटू शकतं, मग गॅस मागे येतो."

"सहा महिन्यांत फाटलं का कुठे?"

"नाही."

"मग झालं तर!" आता मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण इथे स्वतःला वाचवून उपयोग नाही. मी म्हणालो, "हमदुल्लाभाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. मशीन महिन्याभरात येईल. तोपर्यंत कवळी काढून काम करा. जुन्या पुंगळ्या चिरा पडल्या म्हणून हळूहळू बाजूला काढा. डिसेंबरात तुमचं लेटर होऊ द्या. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

यम्ना माझ्याकडे बघत होती, सुरैय्याभाभी नवऱ्याकडे. मला वाटतं त्या क्षणी भाभी माझ्या बाजूच्या होत्या. त्यांना दोष कोण देईल?

"मूठ माझी, भाऊ," हमदुल्लाभाई म्हणाले. "पण गाल लोकांचा. बंदुकीला गाल लावून नेम धरतात. ती सान्वी येते, शाळेत टीचर आहे, रविवारी येते. चष्मा काढून तो नेमबाजीचा दुसरा चष्मा लावते आणि असा गाल टेकवते." त्यांनी स्वतःचा आत गेलेला गाल पेनाला टेकवून दाखवला. "उद्या सकाळी प्रॅक्टिस आहे."

मग ते पुन्हा बेसिनपाशी गेले. मला वाटलं तोंड धुतायत. कवळी बसवून, मिशा सारख्या करून आले आणि आमच्याच हॉलमध्ये उभं राहून त्यांनी क्लबाचे मॅनेजर राहुल सरांना फोन लावला. साहेबाशी बोलायचं तर तोंड नीट असलं पाहिजे.

"राहुल सर, कल का प्रॅक्टिस अपने माल पे मत करवाओ. ईद के बाद का सब माल बंद. मेरी गिनती गलत थी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नहीं सर, मशीन का नहीं, गॅस का नहीं. मेरी गिनती का." कवळीचं नाव त्यांनी काढलं नाही. मी खुणेनं दातांकडे बोट दाखवत होतो, की सांगा ना, माणूस समजून घेईल. त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

सोमवारी क्लबानं दहा पुंगळ्या तपासायला पाठवल्या. तीनमध्ये नरमपणा बुडापर्यंत उतरलेला निघाला. दहातल्या तीन, आणि मी म्हणत होतो दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. शनिवारी फॉर्मात ऐकीव आकडा घालायला तयार नव्हतो, आणि माणसाच्या गालाच्या बाबतीत मात्र 'सहा महिन्यांत फाटलं का कुठे' एवढ्यावर खलास.

तीन हजार चारशे पुंगळ्या होत्या. पुन्हा कुणी चुकून वापरू नये म्हणून सगळ्या चेपायच्या ठरल्या. ते काम हमदुल्लाभाईंनी मागून घेतलं. चार दिवस हातोडी घेऊन एकेक पुंगळी सपाट करत होते. रोज संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटायचे, उजवा हात डाव्या हातानं दाबत. पाचव्या दिवशी म्हणाले, "यल्ला, चला, तो फॉर्म पुन्हा करू या. तिसरं मशीन लिहा."

मी भडकलो. "अहो, त्यात तुमची गरज नाही, सांगितलं ना!"

"तेच लिहा."

"यम्नाची दोन वर्षं?"

"यम्ना माझी पोर आहे, भाऊ. क्लबाची नाही."

मी चिडून टाइप करायला लागलो. शेवटच्या रकान्यात निवडीचं कारण द्यायचं होतं. "काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, ह्याला दात नाहीत," ते म्हणाले आणि स्वतःच आधी हसले. हसताना कवळी सांभाळायला हात तोंडावर नेला. मी कारण लिहिलं, 'ऑपरेटर इंडिपेंडंट टायमिंग'. अर्थ तोच होता.

मशीन नोव्हेंबरअखेर आलं. बसवून घेतलं त्यांनीच, आणि चालवायला शिकवलं वरद नावाच्या एका नव्या टेक्निशियनला. दोन दिवसांत शिकवून झालं, शिकवण्यासारखं त्यात फार नव्हतंच. मुदतवाढ मिळाली नाही. राहुल सरांनी प्रयत्न केला म्हणतात, खरंही असेल. पत्रात साठीच्या नियमाचा उल्लेख होता, पुंगळ्यांचा नव्हता. निरोप समारंभात क्लबानं त्यांना घड्याळ दिलं. याहून बरी वस्तू सुचली नाही का कुणाला, असं मी स्मिताला म्हटलं, तर ती म्हणाली, त्यांना कुठे ठाऊक होतं पाढ्याचं? ते खरं होतं. क्लबात कुणालाच ठाऊक नव्हतं, फोरमन कधीच मनिलाला परत गेलेला. मला राग येतो तो त्या नियमाचा नाही. तो सगळ्यांना असतो, उद्या मलाही लागेल. मला राग माझ्या तक्त्याचा येतो, ज्यात सगळे रकाने होते आणि हा माणूस कुठे बसत नव्हता.

फ्लॅट सोडायची वेळ आली तेव्हा यम्नाचं कसं करायचं हा प्रश्न होता. कॉलेज व्हिसा द्यायला तयार होतं, हॉस्टेल परवडत नव्हतं. स्मिता सरळ जाऊन सांगून आली की आमची बाजूची खोली रिकामीच आहे. मला विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. फेब्रुवारीत हमदुल्लाभाई आणि सुरैय्याभाभी दाभोळला गेले. एअरपोर्टवर ते मला एवढंच म्हणाले, "पोरीच्या हाताला चव आहे, पण लक्ष नसतं. गॅसपाशी एकटी सोडू नका."

आता यम्ना आमच्याकडे आहे. सकाळी विद्यापीठाची बस, संध्याकाळी लॅपटॉप, बोलणं सगळं इंग्रजीत. मराठीत विचारलं तर कळतं सगळं, उत्तर येतं 'ओके अंकल'.

गेल्या रविवारी सुरैय्याभाभींनी गावाहून येणाऱ्या कुणाबरोबर पोह्याचे पापड पाठवले. दुपारी स्मिता वरणभाताचं पान वाढत होती आणि यम्नानं पापड भाजायला घेतले. मी किचनच्या दारात उभा होतो, सांगितलेलं होतं म्हणून. तिनं चिमट्यात पापड धरून ज्योतीवर नेला आणि तिचे ओठ हलायला लागले.

"तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..."

या मुलीला मराठी पाढे कुणी शिकवलेले नाहीत. तिचे उच्चार इंग्रजी शाळेचे, पण पाढा बरोबर होता. 'तेर सक' पर्यंत आली, 'अठ्ठ्याहत्तर' म्हटलं आणि पापड उलटला.

"पुढे येतो का? तेर साती?" मी विचारलं.

"नो अंकल. अब्बा ऑल्वेज स्टॉप्ड देअर."

दुसऱ्या बाजूला पुन्हा तेरा एकेपासून सुरू झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती पाढा म्हणतेय तो त्या शनिवारच्या चालीत. 'अठ्ठ्याहत्तर'च्या आधी थोडी थांबते, जीभ सांभाळल्यासारखी, आणि मग शब्द एकेक करून बाहेर सोडते. तिचे स्वतःचे दात धडधाकट आहेत, बत्तीसच्या बत्तीस. पापडाच्या कडेनं जाळ धरला, ती काळी झाली आणि किचनमध्ये जळका वास सुटला.

"सॉरी अंकल. आय काउंटेड राइट," ती म्हणाली.

"हो, बरोबर मोजलंस," मी म्हणालो, आणि तो पापड तिच्या हातातून घेऊन माझ्या पानात ठेवला.